झिजलेली बोटे आणि तीन दिवसांची मुदत : वेंगुर्ले तालुक्यातील एक प्रकरण

वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातील, काजू कारखान्यात काम करणाऱ्या साधारण पंचावन्न वर्षांच्या एका विधवा बाईच्या जनधन खात्यातून मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी ७,५०० रुपये तिला न कळता काढले गेले. ते काढण्यासाठी लागणारे बोट मात्र तिने स्वतःच, दिवसाढवळ्या, पैसे काढण्याचे केंद्र चालवणाऱ्या ओळखीच्या मुलासमोर यंत्रावर ठेवले होते. कोणी अनोळखी फोन केला नव्हता, लिंक पाठवली नव्हती की ओटीपी विचारला नव्हता. हा प्रसंग अभ्यासासाठी रचलेला आहे. बाई, गाव, बँक आणि केंद्रचालक यांपैकी कोणीही विशिष्ट व्यक्ती वा संस्था नाही. त्यात येणारे कायदे, मुदती, रकमांच्या मर्यादा आणि यंत्रणा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत आणि चर्चा त्यांच्याविषयीच करायची आहे.

सायबर सुरक्षेच्या धोरणात समन्याय आणि समावेशन यांचा विचार सहसा दोन वेगळ्या प्रश्नांसारखा होतो. काही लोकांपर्यंत सेवा पोहोचत नाही, हा एक प्रश्न मानला जातो. काही लोक फसतात, हा दुसरा. त्यांची सरकारी खाती वेगळी, अंदाजपत्रके वेगळी आणि उपायही वेगळे. या बाईच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकाच कारणातून निर्माण झाले, आणि ते कारण तिच्या बोटांच्या टोकांवर होते.

बोटे, यंत्र आणि फोन

वेंगुर्ल्याचे नाव काजूशी जोडलेले आहे. येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे, ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या तेथे तयार झालेल्या जाती कोकणभर लावल्या जातात, वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या कौतुकात काजू फोडणाऱ्या हातांचा उल्लेख क्वचितच येतो. काजू बीच्या टरफलातील तेलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही कातडी जाळणारी द्रव्ये असतात. बाया हातांना राख किंवा खोबरेल लावून काम करतात. हातमोजे घातले तर वेग कमी होतो, आणि मजुरी किलोवर मोजली जात असेल तर वेग कमी होणे म्हणजे पैसे कमी होणे. ओले काजूगर काढण्याच्या हंगामात तर चिकाने बोटे काळी पडतात, साल निघते आणि टोकांवरच्या रेषा पुसट होतात. या बाईने हे काम ऐन तारुण्यापासून केले आहे. तिचा अंगठा यंत्राने पहिल्याच प्रयत्नात ओळखणे हा अपवाद असतो.

आधार कायदा, २०१६ याच्या कलम ५ मध्ये महिला, ज्येष्ठ नागरिक, अपंग व्यक्ती, अकुशल आणि असंघटित कामगार अशा गटांना आधार क्रमांक देण्यासाठी विशेष उपाय योजावेत असे म्हटले आहे. ही तरतूद चांगली आहे, पण ती क्रमांक देण्यापुरती आहे. क्रमांक हातात पडल्यानंतर तो दर महिन्याला बोटाशी जुळेल का, विशेषतः ज्या असंघटित कामगारांचा त्या कलमात नावाने उल्लेख आहे त्यांच्या कामामुळेच ते बोट झिजत असेल तर काय करायचे, याचे उत्तर तेथे मिळत नाही.

तिच्या खात्यात दोन वाटांनी पैसे येतात. एक कारखान्याची मजुरी आणि दुसरे ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये. बँकेची शाखा बारा-चौदा किलोमीटरवर आहे, एसटीच्या फेऱ्या सकाळ-संध्याकाळच्या, आणि शाखेत जायचे म्हणजे दिवसाची मजुरी सोडायची. म्हणून ती गावाजवळच्या तिठ्यावरील, बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या केंद्रात ‘आधारवर’ पैसे काढते. या सोयीचे औपचारिक नाव आधार-आधारित देयक प्रणाली. बँकांच्या भाषेत एईपीएस. ती भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ चालवते. पैसे काढण्यासाठी बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढेच लागते. कार्ड, पासवर्ड किंवा ओटीपी लागत नाही, आणि एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते. जिला वाचता येत नाही, जिच्याकडे कार्ड नाही, तिच्यासाठी ही रचना सोयीची आहे यात शंका नाही. तीत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे. यंत्राच्या पडद्यावर कोणती रक्कम टाकली आहे हे पडद्यासमोर बसलेला माणूस प्रामाणिकपणे सांगेल, कारण बोट ठेवणाऱ्याला तो पडदा बहुधा दिसत नाही आणि दिसला तरी वाचता येतोच असे नाही.

राहिला फोन. खाते उघडताना घरात एकच मोबाइल होता आणि तो मुलाचा होता, म्हणून बँकेत आणि आधारलाही त्याचाच क्रमांक दिला गेला. आज मुलगा नालासोपाऱ्यात राहतो आणि मुंबईत सुरक्षारक्षकाची बारा तासांची पाळी करतो. चाकरमान्यांच्या घरात ही व्यवस्था इतकी सर्रास आढळते की तिला अपवाद म्हणणे चुकीचे ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचे आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ३३ टक्के, तर पुरुषांमध्ये ५७ टक्के असल्याचे आढळले होते. आमच्या बाईचे वय तर त्या वयोगटाच्याही पुढचे आहे. ‘खातेदाराला एसएमएस पाठवला’ हे बँकेचे विधान अशा घरात खरे असते, आणि तरीही खातेदाराला काही कळलेले नसते.

मंगळवार

ती २,००० रुपये काढायला गेली होती. केंद्रचालकाने आधी शिल्लक पाहण्यासाठी बोट घेतले. मग पैसे काढण्यासाठी घेतले, ते जुळले नाही. हे अपयश खरे होते. त्यानंतर “मावशे, नेट नाय हा, परत एकदा बोट ठेव गो” असे म्हणून त्याने आणखी तीनदा बोट ठेवायला लावले. त्यातल्या पहिल्या वेळी ४,५०० रुपये निघाले, दुसऱ्या वेळी ३,००० रुपये, आणि दोन्ही वेळा ‘झाले नाही’ असे तिला सांगण्यात आले. तिसऱ्या वेळी २,००० रुपये निघाले आणि ते तिच्या हातात दिले गेले. पावती मिळाली नाही, कारण कागद संपला होता. निघताना त्याने सांगितले की मधल्या वेळी पैसे कापले गेले असलेच तर पाच दिवसांत आपोआप परत येतात.

तिला संशय आला नाही, आणि यात भोळेपणा शोधण्याचे कारण नाही. यंत्र तीन-चारदा नाकारते आणि मग घेते हा तिच्या लेखी इतक्या वर्षांत बँकेचा रिवाजच झाला होता. ज्या बाईचे बोट एकदाच ठेवून जुळते तिला दुसऱ्यांदा बोट मागितले की प्रश्न पडतो. जिचे बोट कधीच एकदा ठेवून जुळत नाही तिला पाचव्यांदा मागितले तरी पडत नाही. म्हणजे ओळख पटवण्यात व्यवस्थेला वारंवार येणारे अपयश हेच चोरीला आडोसा देणारे ठरले. केंद्रचालकाने तंत्रज्ञानातली कोणतीही भेग शोधली नाही. त्याला फक्त माहीत होते की कोणत्या बायांच्या बाबतीत अपयश खरे वाटेल, आणि काजू कारखान्याच्या गावात तशा बाया ओळखायला त्यांच्या हातांकडे पाहणे पुरेसे असते.

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बोटाच्या ठशाची जिवंतता तपासणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली नवी पद्धत लागू केल्याचे जाहीर केले. सिलिकॉनच्या नकली ठशांना आळा घालण्यासाठी ती आवश्यकच होती. या प्रकरणात तिचा उपयोग शून्य होता, कारण बोट खरे होते आणि जिवंत माणसाचे होते.

पाच दिवस आणि तीन दिवस

केंद्रचालकाचे ‘पाच दिवस’ ही थाप नव्हती, हे या प्रकरणातले सर्वांत लक्षात घेण्याजोगे अंग आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी अयशस्वी व्यवहारांच्या निवारणासाठी मुदती ठरवून दिल्या. आधारवरील व्यवहारात खात्यातून रक्कम वजा झाली पण केंद्रावर पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा करण्याची प्रक्रिया सुरू झाली पाहिजे आणि त्यापुढच्या उशिरासाठी दर दिवशी १०० रुपये भरपाई दिली पाहिजे, असा तो नियम आहे. ग्राहकाच्या हिताचा नियम आहे, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी अनुभवाने तो पाठ केलेला आहे. नेटवर्क जाते, पैसे अडकतात, पाच दिवस थांबले की येतात.

दुसरा नियम ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला. खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा काहीही बोजा पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित बोजा पडतो, आणि सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते. संदेश मिळाल्याचा दिवस या मोजणीत धरला जात नाही.

आता हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवून बाईचे दिवस मोजू. व्यवहार आणि एसएमएस मंगळवारचे. बुधवार पहिला कामकाजाचा दिवस, गुरुवार दुसरा, शुक्रवार तिसरा. शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणून बँक बंद, आणि मग रविवार. आपोआप परत येण्याची पाच दिवसांची मुदत रविवारी संपते. सोमवार उजाडतो तो चौथा कामकाजाचा दिवस असतो. नियमाप्रमाणे, शिस्तीने, पाच दिवस वाट पाहून सोमवारी सकाळी शाखेचे दार उघडताच हजर झालेली खातेदारदेखील शून्य बोजाच्या मुदतीबाहेर गेलेली असते. दोन्ही नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, दोन्ही एकाच नियामकाचे आहेत, आणि एकाचा आधार घेणारा दुसऱ्याचा लाभ गमावतो. शहरातला खातेदार या कात्रीत सापडत नाही, कारण संदेश त्याच्या हातातल्या फोनवर येतो, अयशस्वी व्यवहार आणि चोरी यांतला फरक त्याला पडद्यावरच दिसतो आणि तक्रार तिथल्या तिथे नोंदवता येते. बाईच्या बाबतीत अयशस्वी व्यवहार आणि चोरी ही बाहेरून हुबेहूब सारखी दिसतात.

प्रत्यक्षात ती सोमवारीही गेली नाही. मुलाने गुरुवारी रात्री जाहिरातींच्या गर्दीतले इंग्रजी एसएमएस पाहिले, शेजाऱ्यांच्या फोनवर आईला विचारले, तिने पाच दिवसांचे सांगितले आणि दोघे थांबले. हंगामात रजा मिळत नाही म्हणून ती बुधवारी शाखेत पोहोचली. तो सहावा कामकाजाचा दिवस होता.

मर्यादित बोजा म्हणजे किती, हे पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यासाठी ही मर्यादा ५,००० रुपये आहे, आणि ती दर व्यवहारामागे आहे. ग्राहकाने सोसायची रक्कम म्हणजे व्यवहाराची रक्कम किंवा ही मर्यादा, यांतले जे कमी असेल ते. तिचे दोन व्यवहार ४,५०० आणि ३,००० रुपयांचे. दोन्ही मर्यादेच्या आत, म्हणून दोन्ही पूर्णपणे तिच्या माथी. ज्याच्या खात्यातून एका फटक्यात ५०,००० रुपये गेले त्याला ही मर्यादा वाचवते. जिचे थोडे थोडे करून गेले तिला ती एक रुपयाही परत देत नाही. गरिबांचे व्यवहार लहान असतात ही काही अनपेक्षित माहिती नाही. तरीही गरिबांच्याच खात्यासाठी वेगळी, कमी मर्यादा ठरवताना ती एकूण नुकसानीवर न लावता दर व्यवहारावर लावली गेली, आणि त्यामुळे ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत सहज दुरुस्त होण्याजोगा दोष हाच आहे.

जबाबदारी कोणाची

शाखेतील अधिकाऱ्याने सुरुवातीला सांगितले की बोटाचा ठसा जुळलेला आहे, म्हणजे व्यवहार खातेदारानेच केला. हे उत्तर नियमाला धरून नाही. त्याच २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, आणि ठसा जुळणे म्हणजे रकमेला संमती असणे नव्हे. पण त्या अधिकाऱ्याला दोष देऊन विषय मिटत नाही. दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या शाखेत, काउंटरसमोर रांग असताना, संगणकावर ‘यशस्वी’ असे दिसणाऱ्या व्यवहाराविषयी शंका घ्यायला त्याला कोणी शिकवलेले नसते.

गावातल्या बचत गटांबरोबर काम करणारी, ‘उमेद’ अभियानातली बँक सखी दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर गेली. तिने भांडण न करता एक साधी मागणी केली. त्या दिवसाचे सगळे प्रयत्न, अयशस्वी धरून, वेळेसह काढून द्या. ती यादी बोलकी होती. एकाच यंत्रावरून, काही मिनिटांच्या आत, एक शिल्लक-विचारणा, एक अपयश आणि उतरत्या रकमांचे तीन यशस्वी व्यवहार. ४,५०० रुपये मिळालेली बाई दोन मिनिटांत पुन्हा ३,००० आणि लगेच २,००० कशाला काढेल, हा प्रश्न त्या कागदावर आपोआप उभा राहत होता.

तेव्हा शाखेने दुसरा मुद्दा काढला. केंद्र आमचे नाही, दुसऱ्या बँकेच्या जाळ्यातले आहे. हे खरे होते. आधारवरची सेवा कोणत्याही बँकेच्या खातेदाराला कोणत्याही केंद्रावर मिळते, हेच तिचे बलस्थान. बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीच्या कृत्यांची जबाबदारी बँकेवरच राहते, असे रिझर्व्ह बँकेचे व्यवसाय प्रतिनिधींविषयीचे जुने धोरण आहे, आणि केंद्र तिच्याच बँकेचे असते तर हे प्रकरण बँकेच्या बाजूच्या फसवणुकीत मोडले असते. मग तीन दिवसांचा प्रश्नच आला नसता, कारण तशा फसवणुकीत ग्राहकाने कधी कळवले याला महत्त्व नसते. केंद्र दुसऱ्या बँकेचे निघाल्याबरोबर तीच चोरी, त्याच माणसाने केलेली, ‘तिसऱ्याची चूक’ या वर्गात गेली आणि घड्याळ चालू झाले. तिठ्यावर एकच केंद्र असताना ते कोणत्या बँकेचे आहे हे निवडण्याचा अधिकार बाईला नव्हता. पाटीवर चार-पाच बँकांची नावे होती.

रिझर्व्ह बँकेने २७ जून २०२५ रोजी काढलेले आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेले निर्देश याच दुव्याकडे वळतात. केंद्रचालकाला सामावून घेणाऱ्या बँकेने, म्हणजे ज्या बँकेच्या जाळ्यात तो काम करतो तिने, त्याची ओळख-पडताळणी करावी, सलग तीन महिने निष्क्रिय राहिलेल्या चालकाची पुन्हा पडताळणी केल्याशिवाय त्याला व्यवहार करू देऊ नयेत, आणि चालकाचे ठिकाण व जोखीम लक्षात घेऊन त्याच्या व्यवहारांवर सतत नजर ठेवावी, असे त्यांत आहे. चालकावर लक्ष ठेवण्याची ही पहिली नीट मांडलेली चौकट म्हणता येईल. फसलेल्या बाईने पैसे कोणाकडे मागायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यासाठी तेथेही सोपे झालेले नाही. बँकेच्या निर्णयाविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पण आधी बँकेकडे तक्रार करून तीस दिवस थांबावे लागते, आणि २०२१ च्या योजनेनुसार कागदी अर्ज टपालाने चंदीगडच्या केंद्राकडे पाठवायचा असतो. वेंगुर्ल्याहून मराठीत लिहिलेला अर्ज चंदीगडला पाठवण्याची कल्पना बँक सखीलाही जरा गमतीची वाटली.

पोलीस आणि तंटामुक्ती

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाचा उपयोग पैसा हलल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होतो, कारण तेवढ्या वेळात तो पुढच्या खात्यात रोखून धरता येतो. आठ दिवसांनी फोन केल्यावर तक्रार नोंदली गेली, रोखण्याजोगे काही उरले नव्हते.

पोलीस तक्रारीचा मार्ग अधिक अडचणीचा निघाला, आणि त्याचे एक कारण कायद्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. कोकण किनाऱ्यावरील अनेक लहान ठाण्यांचे प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक असतात. म्हणजे दुसऱ्याच्या ओळखीचा अप्रामाणिक वापर, कलम ६६सी, लावायचे तर तपास वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा मुख्यालयी ओरोसला जाणार; न लावायचे तर भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीच्या कलमावर काम चालवायचे. निरीक्षकाची अट तपासाचा दर्जा राखण्यासाठी घातली गेली असणार. तिचा भार मात्र अंतराच्या रूपाने पडतो. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून कुडाळला गाडी बदलून ओरोसला जाऊन येण्यात तिचा सबंध दिवस आणि मजुरी जाते, आणि जबाब एका फेरीत होतोच असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती देण्याची सोय आहे. पण तीन दिवसांत सही करायला जावे लागते, आणि ते माध्यम हाताळू शकणारा मुलगा नालासोपाऱ्यात आहे.

याच सुमारास केंद्रचालकाचे वडील तिच्या घरी आले. पोरगा त्याच वाडीतला, घरे जवळची, गुन्हा नोंदला तर त्याची नोकरीची वाट बंद होणार. प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे गेले. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात चालू आहे, आणि गावातले वाद गावातच मिटवण्याला ती प्रोत्साहन देते. ४,५०० रुपये परत, बाकीचे नंतर पाहू, पोलिसांत जायचे नाही, असे ठरले. बाईने मान्य केले. तिच्या जागी मीही केले असते. हातातले ४,५०० रुपये आणि शेजाऱ्याशी न तुटलेले बोलणे, हे लोकपालाच्या अनिश्चित निकालापेक्षा तिला मोलाचे होते.

या तडजोडीत जी व्यक्ती समितीसमोर नव्हती ती म्हणजे त्याच केंद्रावर बोट ठेवणारी पुढची बाई. गुन्हा नोंदला गेला नाही, म्हणून चालकाला सामावून घेणाऱ्या बँकेला काही कळले नाही आणि तिच्या जोखीम-नोंदीत ते केंद्र निर्दोषच राहिले. तीन वर्षांनी कोणी सिंधुदुर्गातील आधार-व्यवहारांच्या फसवणुकीचे आकडे काढले तर त्यांत हे प्रकरण नसेल, आणि कमी आकडे पाहून ‘येथे हा प्रश्न फारसा नाही’ असा निष्कर्ष निघेल. किनाऱ्यावरची शांतता धोरणकर्त्याला अशी दिसते.

धोरणाला यातून काय विचारता येईल

सायबर जागृतीच्या मोहिमा या बाईला काय सांगतात, ते आधी पाहू. अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी कोणाला देऊ नका, अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका. तिच्या प्रकरणात लिंक नव्हती, ओटीपी नव्हता आणि माणूस अनोळखी नव्हता. आधारवरच्या व्यवहारांसाठी दिला जाणारा खास सल्ला म्हणजे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे आधारवरची ठशाची ओळख एरवी बंद ठेवा. लॉक करायला आणि हवे तेव्हा उघडायला नोंदणीकृत मोबाइल लागतो, तो मुलाकडे. आणि लॉक असेपर्यंत तिठ्यावर पैसे मिळत नाहीत. शहरातल्या, कार्ड वापरणाऱ्या माणसासाठी हा सल्ला सुरक्षिततेचा आहे. तिच्यासाठी तो स्वतःच्या पैशांपासून दूर राहण्याचा सल्ला आहे.

नव्या तंत्रज्ञानाकडे पाहताना हीच कसोटी लावावी लागेल. व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या स्वयंचलित प्रणालींना एकाच खात्यावर पाठोपाठ जुळत नसलेले ठसे ही धोक्याची खूण वाटणे साहजिक आहे. तसे झाले तर काजू कारखान्यातली प्रत्येक बाई संशयित ठरेल आणि तिचे खाते तात्पुरते थांबवले जाईल. उलट, खुणेचा रोख खातेदाराकडे न ठेवता केंद्राकडे ठेवला, म्हणजे कोणत्या केंद्रावर अपयशानंतर लगेच वाढीव रकमांचे यशस्वी व्यवहार होतात हे पाहिले, तर तीच माहिती तिचे रक्षण करील. गणपती आणि शिमगा यांच्या आधीच्या आठवड्यांत कोकणातल्या केंद्रांवर रोख काढण्याची झुंबड असते, हेही अशा प्रणालीला माहीत असावे लागेल. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रे सुचवली आणि त्यांत न्याय्यता व समता हे एक सूत्र आहे. सूत्र योग्य आहे. ते एखाद्या प्रणालीत उतरले की नाही हे झिजलेल्या बोटांवर तपासून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. चेहरा विद्रूप झालेल्या अॅसिड हल्ल्यातील पीडितांना आणि दृष्टिहीनांना डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नाही म्हणून ग्राहक-ओळख (केवायसी) नाकारली जात होती, आणि पर्यायी मार्ग द्या, असे न्यायालयाने बजावले. त्या निकालाचा तर्क काजूच्या चिकाने पुसट झालेल्या ठशांनाही लागू पडतो असे मला वाटते, जरी या बायांना कोणी अपंग मानत नसले आणि त्या स्वतःही मानत नसल्या. पर्याय म्हणून बुबुळ किंवा चेहरा पुढे करता येईल. पण चेहऱ्याची ओळखही त्याच चालकाच्या फोनवर, त्याच्याच हाताने व्हायची असेल, तर रक्कम कोणती टाकली हा मूळ प्रश्न जागेवरच राहतो. प्रत्येक प्रयत्नानंतर, यशस्वी असो वा अयशस्वी, रक्कम मराठीत मोठ्याने बोलणारे यंत्र हा उपाय दिसायला किरकोळ आहे. दुकानांत व्यापाऱ्यासाठी जमा रक्कम बोलून दाखवणारी ध्वनिपेटी सगळीकडे पोहोचली आहे. पैसे काढणाऱ्या बाईसाठी तशी पेटी बंधनकारक करायला तंत्रज्ञानाची अडचण नाही.

मुदतींच्या बाबतीत मागणी याहून सरळ आहे. आधारवरचा व्यवहार अयशस्वी असल्याचे खातेदाराला सांगितले गेले असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांची मोजणी आपोआप परतफेडीची मुदत संपल्यानंतर सुरू व्हावी, आणि मूलभूत बचत खात्यासाठी बोजाची मर्यादा एकूण नुकसानीवर लावावी.

बाईच्या उरलेल्या ३,००० रुपयांपैकी काही मिळाले नाही. बँक सखीच्या आग्रहावरून बँकेतला मोबाइल क्रमांक बदलून तिच्या स्वतःच्या नव्या साध्या फोनचा दिला गेला. आधारमधला क्रमांक बदलण्यासाठी ती नोंदणी केंद्रावर गेली, तेव्हा त्यासाठीही बोटाचा ठसा मागितला गेला आणि तो जुळला नाही. ठसे नव्याने घ्यायचे तर बोटांवरची कातडी भरून यायला हवी. दोन-तीन आठवडे काजूचे काम बंद ठेवा आणि मग या, असे तिला सांगण्यात आले. हंगाम चालू होता. तिने पावसाळ्यावर टाकले, आणि तोपर्यंत आधारचे ओटीपी नालासोपाऱ्यालाच जात राहिले.